मानेवरची बोटं

सोमवार, ६ जानेवारी

स्कॅन झाला! कॅन्सरच्या ऑपरेशनला दोन वर्षं झाली, म्हणून नेहमीची तपासणी. इंजेक्शन दिल्यावर मशीनवाल्या मुलीने तासभर एका खोलीत खुर्चीवर बसवून ठेवलं. "हलायचं नाही हं, मावशी." डोक्यावर एसी. दात वाजत होते. शाल मागावी असं मनात आलं, पण जीभ रेटेना. मिशनच्या बोर्डिंगमध्ये मदर सुपीरियर काही मागणाऱ्या मुलीला सगळ्यांत शेवटी वाढायच्या. पन्नास वर्षं झाली, सवय काही जात नाही.

एक विचित्रच झालं. बसल्या बसल्या ताई आली. म्हणजे - तिची बोटं. थंडीत प्रार्थनेच्या रांगेत ती माझ्या मागे उभी राहायची आणि गार हात माझ्या मानेत खुपसायची, ऊब घ्यायला. अगदी तस्सं! हलायचं नव्हतं, म्हणून वळून पाहिलं नाही.

ताईला जाऊन नऊ वर्षं झाली. हाच आजार.

गुरुवार, ९

पसरलाय.

शुक्रवार, १०

काल पुढे लिहवेना. डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं. मी - करडी, भुतासारखी. मानेच्या दोन्ही बाजूंना, खांद्यांवर चकाकणारे ठिपके. "गाठींमध्ये गेलेला दिसतोय." हे रुमालाची घडी घालत होते, मोडत होते. मी ठिपके मोजले. डावीकडे पाच. उजवीकडे पाच.

न्यायला आलीस का गं?

मंगळवार, १४

आज यांनी चहा केला. निम्मं दूध ओट्यावर! "बघ, मला साधा चहा जमत नाही, आणि तू निघालीस." दोघंही हसलो. मग हे न्हाणीघरात गेले. नळ बराच वेळ वाहत होता.

मान उघडी ठेवायची भीती वाटते. घरातही मफलर.

शुक्रवार, १७

दुसरे डॉक्टर, म्हातारे. चित्र बघून भलतंच विचारलं - "त्या दिवशी थंडी वाजत होती?"

"दात वाजत होते."

"मग पांघरूण मागायचं की, बाई!"

थंडीत शरीराला ऊब द्यायला मानेजवळची चरबी जळते म्हणे, आणि चित्रात अशी चमकते. गाठी नसतीलही. पुन्हा स्कॅन करायचा, या वेळी उबेत.

हे माझ्याकडे असे बघत होते! "इथे माझा जीव टांगणीला, आणि तुला एक शाल मागता आली नाही?"

बुधवार, २२

खोली गरम. दोन ब्लँकेटं, वर मफलर. तासभर वाट पाहिली.

कुणी आलं नाही.

शुक्रवार, २४

स्वच्छ! एकही ठिपका नाही! यांनी डॉक्टरांचे हात धरले ते सोडेचनात. "ते जुनं चित्र फाडून टाका आधी," म्हणाले.

"मला द्याल का?" मी विचारलं. स्वतःसाठी पहिल्यांदाच काही मागितलं असेल.

शनिवार, २५

सकाळपासून खिडकी उघडी टाकली आहे. मफलर कपाटात. वळून बघणार नाही, ताई.