दोन्ही वाट्यांत तीच वडी

प्रिय शैला,

काल मुग्धाचं डोहाळजेवण झालं. तुला सांगितल्याशिवाय ते पार पडलं असं वाटेना, म्हणून सकाळचा चहा झाल्याबरोबर लिहायला बसलो. तू जाऊन दहा महिने झाले आणि मी तुला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. लग्नाआधीही एक लिहिलं नव्हतं, हे तू ऐकवायच्या आत मीच कबूल करतो.

आपली लेक अडून बसली होती. आई नाही, तर मला काहीच नको, म्हणे. जावई समजावून थकले. मी तिला सरळ सांगितलं, बिबवेवाडीला आपल्या घरीच करू, आईची चॉकलेटची वडी मी करतो, तू फक्त ये. ती फोनवर हसली. तू गेल्यानंतर तिचं इतकं मोकळं हसू मी पहिल्यांदाच ऐकलं. मग माघार कशी घेणार?

तीन थरांची ती वडी! शेजारच्या मंदाताईंची भाची कॅनडाहून सुट्टीला आली होती, तिच्याकडून तू शिकलीस. ओव्हन लागत नाही म्हणजे ही आपलीच, असं म्हणून ताटात बर्फीसारखी थापायला लागलीस. पण वहीत काय लिहून ठेवलंस? खाली मारी बिस्किटांचा चुरा, कोको, खोबऱ्याचा कीस, अक्रोड. मध्ये लोणी, पिठीसाखर, कस्टर्ड पावडर. वर चॉकलेट. प्रमाण, अंदाजाने. अगं, कारखान्याच्या तपासणी विभागात जन्म काढलेल्या माणसासाठी असं लिहून ठेवतात का?

पहिल्या खेपेला मी वितळलेलं चॉकलेट गरमच ओतलं. मधला थर विरघळला आणि तिन्ही थरांचा मिळून एक तपकिरी चिखल झाला. दुसऱ्या खेपेला ताट फ्रिजमधून काढून लगेच सुरी चालवली, तर वरचं चॉकलेट तडकलं. शेवटी शेजारी जाऊन मंदाताईंना विचारलं. चॉकलेट कोमट होऊ द्यायचं, अर्धवट घट्ट झालं की रेघा मारून घ्यायच्या आणि कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसायची. तिसरं ताट असं साधलं की काय सांगू! थर सारखे आहेत का ते जाडी मोजायचा कॅलिपर लावून बघितलं. तुझ्या वड्या चवीला उत्तम, पण कडा नेहमी वाकड्या असायच्या. माझ्या सरळ आहेत, याची नोंद घ्यावी.

आता मुद्द्याचं सांगतो. मुग्धाच्या सासूबाई नारायण पेठेतून पेढे आणि बर्फी घेऊन आल्या, त्या वाट्यांच्या खेळासाठी. दोन झाकलेल्या वाट्यांतली एक उघडायची, पेढा निघाला तर मुलगा आणि बर्फी निघाली तर मुलगी. पुडा हातात आला आणि मला तुझं डोहाळजेवण आठवलं. तुझ्या वाटीत पेढा निघाला होता. माझ्या आईनं तर वाटायचे पेढे आधीच सांगून ठेवले होते. मग मुग्धा झाली. मी दवाखान्यातल्या तुझ्या खोलीच्या दारात उभा राहून काय म्हणालो?

"पण पेढा निघाला होता."

"खाल्लात ना तो? मग झालं तर," तू म्हणालीस आणि भिंतीकडे कूस वळवलीस.

त्यानंतर आपण दोघांनीही तो विषय काढला नाही. मी लेकीला जीव लावला आणि तेवढं पुरे आहे असं धरून चाललो. तुझी माफी मात्र मागितली नाही. बायको आहे, समजून घेईल, असं म्हणत किती वर्षं काढली मी!

काल त्या वाट्या मी स्वयंपाकघरात नेल्या आणि दोन्हींत तुझी वडी ठेवली. मुग्धानं एक उघडली, तर वडी. सासूबाईंनी दुसरी उघडून बघितली, तर तीच वडी. पेढा-बर्फी कुठे गेली, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, फ्रिजमध्ये आहे, जेवणानंतर सगळ्यांना मिळेल. मग मुग्धाकडे वळलो आणि तिच्या जन्माच्या दिवशी मी तुला काय बोललो होतो, ते सगळ्या बायकांदेखत सांगितलं.

ती शांतपणे वडी खात होती. "माहितीये बाबा," ती म्हणाली. "आईनं माझ्या लग्नाआधीच सांगितलं होतं. म्हणाली, तू विषय काढू नकोस, बाबाला स्वतःहून सांगू दे."

म्हणजे तू सांगून टाकलं होतंस! तुम्ही दोघी मायलेकी मी बोलायची वाट बघत राहिलात आणि मला पत्ताही लागू दिला नाहीत? एकदा खडसावून विचारायचंस तरी. तुझ्यासमोर बोललो असतो मी. निदान असं मला आज वाटतंय.

मुग्धानं दुसऱ्या वाटीतली वडीही संपवली आणि मधला थर जाड झालाय म्हणाली. तो जाड नाही, मी मोजला आहे.

शैला, मी चुकलो होतो. बाळंतपणातून नुकत्याच सुटलेल्या तुला मी नको ते बोललो, आणि त्याची मला लाज वाटते.

आता बाळ येईल तेव्हा मुलगा होवो की मुलगी, सगळ्या सोसायटीत हीच वडी वाटीन, आणि मीच करीन. पण ते नंतर. आधी दवाखान्यात जाईन. दारात थांबणार नाही. बाळाचं काहीही विचारायच्या आधी मुग्धाजवळ जाऊन बसेन आणि विचारीन, तू कशी आहेस?

तुला विचारायचं राहिलं होतं.

तुझा,
श्रीकांत