तिसरी अळी

रुद्राणी,

समज, तू तिळाएवढी झाली आहेस आणि आपल्या वालाच्या वेलावर उभी आहेस. भोवती मावा, ती बारीक चिकट कीड, रस पीत बसला आहे. एक काळी, काटेरी अळी तो मावा खाऊन वेल वाचवते आहे. एवढ्यात वरून एक भलामोठा अंगठा येतो.

तो अंगठा माझा होता. माझ्या डोळ्यांना ती अळी कीडच वाटली. दोन तर मी चिरडल्याही. ढालकिड्याची, त्या लाल पाठीच्या ठिपकेवाल्या किड्याची, पिल्लं अशी दिसतात, हे शाळेत मी कितीदा शिकवलं, आणि काल ते तू मला शिकवलंस. तुझे फार उपकार झाले, बाळा.

मी सातच्या गाडीने गेवराईला डोळ्याच्या ऑपरेशनला जातो आहे. तुला उठवलं असतं तर माझाच पाय निघाला नसता. आता वेल तुझ्या हवाली. संध्याकाळी बाबा कपाशीचा पंप घेऊन फवारायला येतील. त्यांना आधी अळ्या दाखव आणि आठ दिवस थांबा म्हण. फुलावर आलेली कोथिंबीर आईला उपटू देऊ नकोस. मोठे ढालकिडे त्या फुलांवर येतात.

दवाखान्यात शेजारी कुणी लहान मूल असलं, तर त्याला कालची गोष्ट सांगेन. "आजोबा, थांबा की! ती मावा खायलीय!" असं एक मुलगी ओरडली. मग तिने काय केलं? आजोबांचा अंगठा दोन्ही हातांनी धरला आणि तिसरी अळी पानाआड जाईपर्यंत सोडलाच नाही.

आजोबा