बांबूची अर्धी कामटी

आई, काल माझ्या नातीने नवी सायकल आणली, जिन्याखाली ठेवली आणि तिला दोन कुलपं लावली. तरी जेवता जेवता दोनदा खाली जाऊन पाहून आली. तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. तू जाऊन किती वर्षं झाली, पण हे बोलणं त्याच्याही आधीपासून राहिलेलं आहे.

आसनगाव स्टेशनामागचा आपला गोठा. बैल गेल्यावर बांनी दुसरा घेतला नाही. ते कसाऱ्याला घाटातल्या रुळांच्या कामावर, पंधरवड्याने घरी यायचे. शहापूरहून गाडी धरायला येणारे कारकून सायकली कुंपणाला टेकवून जायचे आणि परत येईपर्यंत कुणाची घंटा, कुणाचा पंप नाहीसा झालेला असायचा. त्यांतला एकजण पाणी प्यायला आला आणि त्याने तुला विचारलं, गोठ्यात ठेवू का. तू गव्हाण काढून जागा केलीस. वर्षभरात तिथे दहा-बारा सायकली उभ्या राहू लागल्या. तुला अक्षर येत नव्हतं, म्हणून तू तुझीच रीत काढलीस. बांबूची बोटभर रुंद कामटी घ्यायची, मधोमध मोडायची, एक तुकडा हँडलला बांधायचा, दुसरा मालकाच्या हातात द्यायचा. मोडलेल्या कडा एकमेकींत नीट बसल्या तरच सायकल बाहेर. एकदा कचेरीतल्या मोठ्या कारकुनाचा तुकडा घरी राहिला, तर तू त्यांनाही चालत परत पाठवलंस. तोंडओळख रोजची होती, तरी.

मुरबाडच्या वाटेवरच्या एका गावातले शाळामास्तर लढाई सुरू झाली त्या सुमाराला सायकल ठेवून मुंबईला गेले. चार दिवसांत येतो म्हणाले होते. चार महिने गेले, मग वर्ष गेलं. तोवर बाजारातून टायर-ट्यूब दिसेनासे झाले होते आणि जुन्या टायरसाठीसुद्धा लोक दारात येऊन बसत. तू कुणालाच दाद दिली नाहीस. मास्तरांची सायकल दोराने आढ्याला टांगलीस, म्हणजे पावसाळ्यात ओल लागणार नाही. महिन्याकाठी खाली उतरवून करंजाच्या तेलाचा बोळा फिरवायचीस. आपल्या घरच्या पितळेवरही तुझा इतका हात फिरत नसे.

दुसऱ्या वर्षी मी फायनल पास झाले आणि दोन कोसांवरच्या गावात मला मास्तरणीची नोकरी मिळाली. तू पेढे वाटले होतेस. जायचं-यायचं मिळून चार कोस चालणं होतं, तेही ओढा ओलांडून. मी तुला म्हटलं, ती सायकल मला दे, मी शिकेन. बाईमाणसाने सायकलवर बसलेलं लोक काय म्हणतील याची तुला पर्वा नव्हती, हे मला ठाऊक होतं. तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "ठेवायला दिलेली वस्तू हाय ती, गो. आपली नाय."

"ते मास्तर मेले असतील," मी म्हणाले.

"मेले असतील तर त्यांच्या मानसांची. तरी आपली नाय होत."

मी रागाने उठले. त्या आठवड्यात पायाला फोड येऊन फुटले होते, आणि आढ्याला ती सायकल तेल पिऊन चकाकत होती. तू बाजाराला गेलीस तशी मी शिडी लावून वर चढले, हँडलचा तुकडा सोडवला आणि चुलीत घातला. माझा हिशेब सरळ होता: कडा जुळवायला तुकडाच नसला की कुणी मागायला आलं तरी तुला देता येणार नाही, तुझ्याच नियमाने. सुतळी मात्र तशीच लोंबत राहिली.

मग, पुढचा तेलाचा बोळा फिरायच्या आतच, ती बाई आली. दुपारची वेळ आहे, मी सुटीमुळे घरी आहे. दारात पांढऱ्या लुगड्यातली, धुळीने पाय माखलेली एक बाई उभी आहे, माझ्याहून फार तर आठ-दहा वर्षांनी मोठी. पदराच्या गाठीतून ती बांबूचा तुकडा काढते आणि विचारते की हे काय असतं ते इथे कुणी सांगेल का. ते, म्हणजे तिचे मास्तर, मुंबईला इस्पितळात तापाने गेले. पेटी, कपडे तिथेच जाळले. चष्मा आणि हा तुकडा एवढंच तिच्या हाती आलं होतं, आणि असले तुकडे आसनगावची एक बाई देते, हे तिला कुणीतरी इतक्या उशिराने सांगितलं.

तू सायकल उतरवलीस. तुकडा लावायला हँडलशी गेलीस आणि सुतळी हातात धरून उभी राहिलीस. तुझा नियम मोडताना मी तुला कधी पाहिलं नव्हतं. मग सुतळी सोडून तू तिला विचारलंस, सायकलची दुसरी काही खूण सांगता येईल का. ती म्हणाली, "सीटला मी आवरण शिवलं होतं. गोधडीचं. निळा दोरा होता." सीट उघडी होती. ती ओशाळून म्हणाली, हरवलं असेल. तू आत गेलीस, ट्रंकेतून ते आवरण काढलंस आणि तिच्या मांडीवर ठेवलंस. उंदीर कुरतडतील म्हणून काढून ठेवलं होतं, म्हणालीस. मला ते माहीतही नव्हतं. तिने निळ्या टाक्यांवरून बोट फिरवलं आणि मग पहिल्यांदा रडली.

"कामटी उंदरांनीच नेली असंल," तू तिला सांगितलंस. माझ्याकडे पाहिलं नाहीस.

सायकल ढकलत शहापुरापर्यंत, तिच्या दिराच्या घरी, मला पाठवलंस. वाटभर ती सीटवर हात ठेवून चालत होती. परत आले तर तू मला गरम भाकरी वाढलीस. दुसऱ्या दिवसापासून मात्र तू तुकडे हँडलला न बांधता सीटच्या खाली, तारेने आवळून बांधू लागलीस. तारेचा पीळ उंदरासाठी होता की माझ्यासाठी, हे मी तू असेपर्यंत विचारू शकले नाही. चार कोस मी सहा वर्षं चालले. त्याची तक्रार पुन्हा केली नाही, हे तू पाहिलंस.

तू असतीस तरी हे पत्र मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि मी शेवटची ओळ गाळली असती. म्हणून लिहून माझ्याकडेच ठेवतेय. कामटी जाळली त्याचं मला वाईट वाटतं, पण ते रागाच्या भरात झालं. दारात उभं राहून त्या बाईने ते गेले असं सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं त्याला राग म्हणता येत नाही. आई, मला हायसं वाटलं होतं.