आईच्या गोष्टीखालचे बदाम

प्रिय घारे,

'प्रिय' लिहिलंय ते पत्राची सुरुवात तशी करतात म्हणून. हुरळून जाऊ नकोस. मेसेज करता आला असता, पण मेसेज केला की तू त्याच्याखाली एक लाल बदाम टाकतेस आणि तुझ्या लेखी विषय मिटतो. कागदावर बदाम टाकता येत नाही, टाकलास तरी मला दिसणार नाही. सोमवारी तुमच्या लेखनगटाचा संग्रह छापखान्यात जाणार आणि त्यात आईची 'एकटी' पहिल्या पानावर आहे. ती आहे तशी छापली जाऊ नये, एवढ्यासाठी हे लिहितोय. कारण सांगतो, पण आधी मला भांडून घेऊ दे.

आईला त्या गटात घातलंस तू. लग्न होऊन गेलीस, तरी माहेरी आलीस की आधी आमचं दार वाजवतेस, तशीच त्या दिवशी आलीस आणि चहा पिता पिता म्हणालीस, "काकू, तुम्ही बोलता ना, तस्संच लिहा. आमच्याकडे कुणी चुका काढत नाही." आई म्हणाली, "मला मेलीला कुठं टाइप करता येतंय?" तर तू कपातून तोंड वर न काढता माझ्याकडे बोट दाखवलंस. "हा आहे की. ह्याचं शुद्धलेखन पक्कं." झालं, माझी नेमणूक झाली. मला कुणी विचारलं नाही, कधीच विचारत नाहीत. शुद्धलेखन पक्कं आहे हे खरं. शाळा आठवीनंतर सुटली, पण चषकांवर आणि दारावरच्या पाट्यांवर नावं कोरून पोट भरणाऱ्याला वेलांटी चुकून चालत नाही. पितळेवर एकदा सुई टेकली की टेकली. मी आधी कागदावरची अक्षरं बोटाने मोजतो, मग पुन्हा उलटीकडून मोजतो, मग सुई धरतो. मालक म्हणतात, "अरे, कोरतोयस की कुरवाळतोयस?" म्हणू देत. माझ्या हातून आजवर कुणाचं नाव गळलेलं नाही.

तर दर रविवारी दुपारी आई खिडकीशी बसून सांगते, मी टाइप करतो, आणि मग गटातल्या लोकांनी खाली काय लिहिलंय ते मीच तिला वाचून दाखवतो. तिला वाचता येत नाही असं नाही, पण कौतुक दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की जास्त गोड लागत असावं. "पुन्हा वाच," म्हणते. मी पुन्हा वाचतो. तुमचे ते निवृत्त पोस्टमास्तर, 'निःशब्द झालो' असं लिहून पुढे पानभर बोलतात. त्या दातांच्या डॉक्टरीणबाई, प्रत्येक गोष्टीला त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. कुणी कुत्र्याच्या पिल्लावर लिहिलं तरी पाणी, कुणी बंद पडलेल्या पंख्यावर लिहिलं तरी पाणी. त्यांनी एकदा डोळे दाखवून घ्यावेत. आणि तू गटाची प्रमुख, सगळ्यांच्या डोक्यावर बसून नियम सांभाळणार: आधी काय आवडलं ते सांगा, सूचना लेखकाने मागितली तरच द्या, शब्द मऊ वापरा. मऊ! अगं, मऊ शब्दांनी माणूस गुदमरतो, हे तुला कुणी सांगितलं नाही का? की सांगितलं आणि तू ते पुसून टाकलंस?

एक गोष्ट मान्य करतो, आणि ती करावी लागते म्हणूनच राग जास्त येतो. बाबा गेल्यापासून आई घरात पाहुण्यासारखी वावरायची. विचारलं तर उत्तर, नाहीतर गप्प. तुमच्या त्या गोड गोड बोलण्याने ती बोलायला लागली. भांडी घासताना मध्येच थांबून म्हणते, "हे बघ, हे रविवारी घालू." जिन्यात भेटणाऱ्या बाईला सांगते की मी लिहिते. तिच्या चालण्यात फरक पडलाय. हे तुम्ही केलंत, मी नाही केलं. एवढं उपकाराचं बोलून झालं, आता पुढचं ऐक.

'एकटी' तिने सांगायला घेतली तेव्हा मला वाटलं होतं, आता येईल. बाबांना झटका आला आणि त्यांची डावी बाजू गेली तिथून सुरुवात होती. बरोबर सांगत होती. पलंग भिंतीपासून ओढून घेतला तो, औषधांच्या बाटल्यांसाठी केलेली फळी, लादीवर टाकलेलं गोणपाट, सगळं अगदी जागच्या जागी. मी खाली मान घालून टाइप करत होतो आणि वाट बघत होतो, कारण आता सकाळ येणार, आणि सकाळी बाबांना उचलून खुर्चीत बसवायचं असतं. आली सकाळ. आई म्हणाली, "लिही. रोज सकाळी मी एकटी त्यांना उचलायची." माझी बोटं थांबली. मी वर बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. समोरच्या गच्चीवर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या, त्यांच्याकडे. मी म्हटलं, "आई?" ती म्हणाली, "टाइप कर ना. तंद्री मोडते माझी." मी टाइप केलं. 'एकटी' मधली वेलांटीसुद्धा तपासली.

बाबा केवढे होते ते तुला माहीत आहे. तुमच्या दाराच्या चौकटीला त्यांचं कपाळ लागायचं. आई त्यांच्या खांद्याला पुरायची नाही. ती लुळ्या बाजूला उभी राहायची, दुसऱ्या बाजूला मी. पाठीखाली दुमडलेली चादर, दोन्ही टोकं घट्ट, 'हं' म्हटलं की दोघांनी एकदम उचलायचं. एकाने आधी ओढलं तर माणूस वाकडा होतो आणि ओरडतो. मी नववीला का गेलो नाही, याचं उत्तर ती चादर आहे. पहिली घंटा व्हायची आणि आम्ही अजून खुर्चीपर्यंत पोहोचलेलो नसायचो. मग मास्तरांनी नाव पुकारणंच सोडलं. मी यासाठी कधी कुणाकडे काही मागितलेलं नाही. घरातलं काम होतं, घरातल्या माणसाने केलं. पण गोष्टीत तो माणूसच नाही. फळी आहे, गोणपाट आहे, मी नाही.

आणि खाली तुमचा बदामांचा पाऊस. 'बाईच्या ताकदीला सलाम.' 'एकही शब्द बदलू नका, काकू.' हे सगळं मी माझ्या तोंडाने तिला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी दुकानात बसून मी वेगळ्या नावाने गटात शिरलो आणि लिहिलं, 'एकट्या बाईला हे शक्य नाही. लेखिकेने खरं लिहावं.' हो, तो मीच. तू ते काढून टाकलंस आणि मला समज दिलीस: 'आपल्या गटात आपण लिहिणाऱ्याला आधार देतो. शक्य नाही असं म्हणण्याऐवजी, मला कुतूहल वाटलं, असं म्हणून पाहा.' पण तू काढायच्या आधी दहा जणांनी ते वाचलं होतं आणि मला धुऊन काढलं होतं. त्यांचं लिहिलेलं मात्र तू तसंच राहू दिलंस. पोस्टमास्तर तर म्हणाले, असल्या माणसाने आयुष्यात कधी कुणाची सेवा केली नसेल. रविवारी आई म्हणाली, "वाच की, या वेळी एवढे का चिडलेत सगळे?" मी वाचलं. माझ्यावरच्या शिव्या मीच, विरामचिन्हांसकट. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "जाऊ दे रे. बिचाऱ्याला आई नसेल."

तरीही मी तुला लिहिलं नसतं. पोस्टमास्तरांना माहीत नाही, डॉक्टरीणबाईंना माहीत नाही, त्यांनी आधार दिला तर दिला. पण तू गटाच्या माथ्यावर त्या गोष्टीतलं एक वाक्य मोठ्या अक्षरात लावलंस: 'त्यांचा चालता हात माझा खांदा असा धरायचा, की वाटायचं बुडणारा माणूस मीच आहे.' खाली तू लिहिलंस, 'ही ओळ काळजात घुसली, काकू.' घारे, आई लुळ्या बाजूला असायची. चालता हात माझ्या बाजूला होता. तो खांदा धरायचा नाही, कॉलर धरायचा, आणि कॉलर उसवायची. जिन्यात बसून त्या कॉलरला टाके कुणी घातले? "तुझे बाबा तुला शाळेत पाठवतात की कुस्तीला?" असं कोण म्हणायचं? त्या वेळी तोंडात दोरा धरून तू हसायचीस, आणि मी माझ्या मनात काय काय ठरवत असायचो ते आता बोलून उपयोग नाही. जगात फक्त दोन माणसांना ठाऊक आहे की पलंगाच्या त्या बाजूला कोण होतं. एकीने मला गोष्टीतून काढलं. दुसरीने खाली बदाम टाकला.

आता काम सांगतो. गोष्ट छापू नकोस असं मी म्हणत नाही. ती काढून घेतलीस तर आई परत गप्प होईल, आणि ते गप्प बसणं तुझ्या घरी नाही, माझ्या घरी असतं. तिला खोटं ठरवू नकोस. माझं नाव घालू नकोस, मी सांगितलं म्हणूनही सांगू नकोस. मीच विचारावं म्हणशील तर माझी छाती होत नाही. ती मला विसरली असेल, तर ते तिच्या तोंडून ऐकायचं नाही. आणि विसरली नसेल, मुलाची शाळा त्या चादरीत गेली हे लिहायची तिला लाज वाटली असेल, तर ती लाज मी तिला माझ्या तोंडाने कशी दाखवू? तू वाचक आहेस. तुला विचारता येतं. तुझ्याच त्या मऊ भाषेत, रविवारच्या आधी, सगळ्यांसमोर तिच्या गोष्टीखाली लिही: 'काकू, मला कुतूहल वाटलं, चादरीचं दुसरं टोक कुणाच्या हातात होतं?' एवढंच. मी ते तिला वाचून दाखवीन. ती खिडकीबाहेर बघेल, मग म्हणेल, "घे, लिही." मी घेईन. ती जे सांगेल ते, कानामात्रा न हलवता टाइप करीन. कुणीच नव्हतं, असं सांगितलं, तर तेही.

तुझाच,
समोरच्या दारातला