सावरदऱ्याची मेथी

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
पेपर छापून आला. सावरदरे गावच्या मेथीतलं शिसं. माझं नाव पहिलं, विभागप्रमुख सरांचं दुसरं. विभागात पेढे झाले. आणले मी, वाटले सरांनी. बढतीच्या फाईलीत एवढा एकच कागद कमी होता. दोन वर्षं त्या फाईलीनं डोकं खाल्लंय. आज जरा बरं वाटतंय.
सरांनी ओळखीच्या पत्रकाराला सारांश पाठवलाय. "संशोधन समाजापर्यंत पोचलं पाहिजे, मॅडम." पोचू दे.

१७ नोव्हेंबर, सोमवार
पोचलं. पहिल्याच पानावर, 'सावरदऱ्याची मेथी विषारी'. खाली माझा ओळखपत्रावरचा दचकलेला फोटो. 'विषारी' हा शब्द आम्ही कुठेही लिहिलेला नाही. काही नमुन्यांत शिसं मर्यादेपेक्षा जास्त, अधिक अभ्यासाची गरज, एवढंच. पण अधिक अभ्यासाची गरज कोण छापणार.
सरांना म्हटलं, खुलासा पाठवू या. "अहो, चांगलं चाललंय, कशाला नाट लावता?"
शेजारच्या जोशीकाकूंनी जिन्यात हात जोडले. डोळे उघडलेस गं, म्हणाल्या. मी आपली हसले. हसायला नको होतं.

१९ नोव्हें., बुध.
लताताईचा फोन. मावसबहीण, सावरदऱ्यातच दिलेली. दर हिवाळ्यात तिची मेथी आमच्या घरी येते. मीच आधी फोन करायला हवा होता. दोन दिवस टाळला.
"मने, काल पंचवटीत माल नेला व्हता. व्यापारी म्हनला, गावाचं नाव बदला नायतर गाडी माघारी न्या. ह्यांनी आनली माघारी. गुरांपुढं टाकली सगळी."
मी मर्यादा, नमुने, सरासरी असलं काहीतरी बोलत सुटले.
"ते ऱ्हाऊ दे. आमच्या वावरातली मेथी तू कधी नेली तपासायला?"
नेली नव्हती. बाजारातून घेतली होती, म्हटलं.
"बाजारात काय, सगळीच सावरदऱ्याची असती."
आणि फोन ठेवला.

२० नोव्हें., गुरु.
तिचं ते वाक्य डोक्यातून जाईना. नोंदवही काढली. नमुने मी स्वतः घेतलेले, पंचवटीच्या बाजारात, सकाळी. प्रत्येक पिशवीवर माझ्याच अक्षरात 'सावरदरे'. कशावरून? तर विकणारी म्हणाली म्हणून.
दुपारचा तास बुडवून बाजार गाठला. हिराबाई, माझी नेहमीची भाजीवाली. ही कुठली गं? "सावरदऱ्याची." खरंच सावरदऱ्याची? ती हसायलाच लागली.
"मॅडम, बारीक पानाची मंजी सावरदऱ्याची. पिकती कुठंबी. ही नाल्याकडची हाय."
नाल्याकडची. शहराच्या सांडपाण्यावरची. म्हणजे शिसं खरं, आकडे खरे, आणि गाव...
जन्म गेला माझा नाशकात. सावरदरं केवढंसं गाव. अख्ख्या शहराला पुरेल एवढी मेथी तिथे पिकेलच कशी? भाजी घेताना मीही रोज विचारते, 'सावरदऱ्याची ना?' ती 'हो' म्हणते आणि मी पिशवी पुढे करते. चारचौघींसारखी बाजारात गेले असते तर कळलं असतं. मी संशोधक म्हणून गेले. मूर्ख.

२१ नोव्हें., शुक्र.
सरांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. "प्रत्येक अभ्यासाला मर्यादा असतात. पुढच्या पेपरात लिहू."
सर, गावाचा माल उठत नाहीये.
"गाव दोन महिन्यांत विसरेल. मागे घेतलेला पेपर कुणी विसरत नाही. तुमची फाईल आहे, माझं नाव आहे."
संताप आला. त्यांच्यापेक्षा स्वतःचा जास्त, कारण क्षणभर मला ते पटलं होतं.

२३ नोव्हें., रवि.
सावरदऱ्याला जाऊन आले. पिशव्या, लेबलं, हातमोजे, सगळं घेऊन. बेत असा की शेतातले नमुने घ्यायचे, तपासायचे, छापायचे, विषय मिटला. वावरात मेथी गुडघ्याला लागलेली, फुलावर आलेली. उपटायला कुणी नाही.
दाजी पिशव्या घ्यायला उठलेसुद्धा. लताताई त्यांना म्हणाली, "तुम्ही बसा." मग माझ्याकडे वळली.
"तू न तपासता आमाला नापास केलं. आता परीक्षा आमीच द्यायची व्हय?"
ताई, तुमच्याच भल्यासाठी...
"आमच्या मातीत काय हाय नाय, मला ठावं नाय. निघालंच काही तर? तुझाच पेपर खरा व्हईल. तू चुकली ना? मग चुकले म्हनून लिही. त्याला आमची मेथी कशाला लागती?"
रिकाम्या पिशव्या गोळा केल्या. चहा निवून गेला. तशीच परत आले.

२५ नोव्हें., मंगळ.
पत्रकाराला फोन. "मॅडम, यात बातमी काय? नवीन काही सापडलं तर सांगा." नियतकालिकाचं उत्तर, दुरुस्तीला सर्व लेखकांच्या सह्या हव्यात. सर सही करणार नाहीत, विचारूनही झालं.
संध्याकाळी बाजारात. हिराबाईची तीच मेथी, तोच नाला, आता दुसऱ्याच गावाच्या नावानं विकतेय. गिऱ्हाइकं निश्चिंत. जोशीकाकू दोन जुड्या घेऊन निघालेल्या. "ही चांगली आहे हो, सावरदऱ्याची नाहीये." मी तिथेच सांगितलं, काकू, हीच नाल्याकडची. त्यांनी हिराबाईकडे बघितलं, हिराबाईनं माझ्याकडे. जुड्या पिशवीतच राहिल्या.
दोन वर्षांच्या संशोधनाचा समाजाला झालेला उपयोग हा एवढा.

२८ नोव्हें., शुक्र.
पाठवलं. एकटीच्या सहीनं. नियतकालिकाला, प्राचार्यांना, वर्तमानपत्राला, सरांनाही. चारच ओळी. सावरदऱ्याच्या शेतातली मेथी आम्ही कधी तपासलीच नाही. नमुने बाजारातले. ते कुठून आले याची खात्री मी केली नाही. चूक माझी.
सरांचे चार फोन येऊन गेले. घेतले नाहीत. सोमवारी समोर उभं राहायचंच आहे. बढतीची मुलाखत पुढच्या आठवड्यात. बोलावतात की नाही, देव जाणे.
पत्राचा फोटो लताताईला पाठवला. तासाभरानं तिचं उत्तर आलं.
'वाचलं. सकाळीच मेथीत रोटर मारला, मातीत गाडली सगळी. आता कांदा लावतो. कांद्याला गाव कोणी विचारत नाय.'