पवनानगरला पोट, पुण्याला हात

वलवण, लोणावळा
३ नोव्हेंबर २०२५

चि. अमृता हिस,

अनिताआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि. आपल्या घराण्यात फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायची रीत असल्याने गुपितासाठी कागदच बरा. पत्र कैलासच्या भाजीच्या टेम्पोतून येत आहे. कोथिंबिरीचा वास आला तर तो आशीर्वादात धर.

हनुमंतदादाचं पोट दोन महिने दुखतंय. तो माझा थोरला भाऊ. तुझ्या बापाचाही आहे, पण ते दोघं हे नातं मान्य करत नाहीत. बारा वर्षं झाली. धरणकाठच्या वाटणीतला हद्दीचा दगड दादाने चार फूट सरकवला असं भिमाजी म्हणतो, आणि आजोबांनी रोवला तिथून तो तसूभर हललेला नाही असं दादा देवाशपथ सांगतो. त्या चार फुटांवर दादाच्या सत्यमने तंबूत राहायला येणाऱ्या पर्यटकांसाठी संडास बांधलाय. बाहेर ‘लेक व्ह्यू’ अशी पाटी आहे, आणि ती खोटी नाही. भिमाजीच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही, ही दादाची शपथ तुला ठाऊकच आहे.

दादा पुण्याला येत नाही, लोणावळ्यालाही येत नाही. आता पवनानगरच्या दवाखान्यात तो यंत्राचा हात आलाय. सोनोग्राफी तिथे होते आणि डॉक्टर पुण्यात बसून ती करते. शुक्रवारी ती डॉक्टर तू आहेस, असं तिथल्या सारिका सिस्टरकडून कळलं. मी दादाला फक्त ‘पुण्याची कुणी बाई आहे’ एवढंच सांगून नाव घातलंय. तेव्हा त्याला काका म्हणू नकोस, शुद्ध बोल, आणि बापासारखी हसू नकोस.

कळावे. लोभ आहेच, तो शुक्रवारपर्यंत लपवून ठेव.

तुझी,
अनिताआत्या

*

पुणे
८ नोव्हेंबर २०२५

ती. अनिताआत्यास,

सा. न. वि. वि. तुझ्या कटात सामील झाले. माझ्या हातात इथे नुसता एक दांडा असतो. तो मी जसा फिरवते तसा पवनानगरचा यंत्रहात खरा प्रोब पेशंटच्या पोटावर फिरवतो, आणि चित्र माझ्यासमोर येतं.

काकांनी आधी भिंतीवरची ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी मोठ्याने वाचली आणि सारिकाला म्हणाले की चला, एक काळजी मिटली. जेली लावल्यावर हे फ्रीजमधलं का, म्हणून तिला झापलं. मी त्यांना ‘आजोबा, श्वास रोखा’ म्हणाले. आजोबा म्हटल्याचा राग दिसला, पण श्वास रोखला.

मधेच रेंज गेली. तिकडचा पडदा थिजला, माझा आवाज बंद पडला आणि सारिका राउटर बघायला धावली. हात पोटावर नुसता टेकून थांबला. मला मात्र तिकडचं ऐकू येत होतं. काका त्या हाताला गोंजारायला लागले. “हळू रं राजा, दमलास व्हय?” नांगराला अडलेल्या बैलाशी बोलावं तसं. बैल ऐकतो आणि गावात सांगत नाही, म्हणून मग पुढेही बोलत राहिले. मी ओरडून सांगतेय की ऐकू येतंय, पण माझा आवाज पोचेना. शेवटी हेडफोन काढून ठेवला, पण तोवर ऐकायचं ते ऐकून झालं होतं. काय ते विचारू नकोस.

आता हसणं बाजूला. त्यांच्या पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगली आहे, सायकलच्या ट्यूबला फुगा यावा तशी. साडेपाच सेंटिमीटरच्या वर. फुटली तर दवाखाना गाठायलाही वेळ मिळत नाही. रिपोर्ट अनिताला कळवा, असं काकांनीच सारिकाला सांगितलं, म्हणून तुला लिहितेय. सर्जनची वेळ घेतली आहे, गुरुवार वीस तारीख. बिडी बंद, ओझं उचलणं बंद. काहीही करून त्यांना आण.

लहान तोंडी मोठा हुकूम केला, त्याबद्दल एक धपाटा उधार ठेव.

तुझी,
अमृता

*

वलवण
१२ नोव्हेंबर २०२५

चि. अमृता हिस,

आशीर्वाद. वि. वि. कट फसला. रिपोर्टवर तुझं नाव बापासकट छापलेलं, आणि सत्यमने लग्नपत्रिका वाचावी तसं ते अंगणात मोठ्याने वाचलं. डॉक्टर अमृता भिमाजी! दादा म्हणाला की रिपोर्ट खोटा आहे, मला दवाखान्यात निजवून भीमाला दगड हलवायचाय. कस्तुरावहिनीने विचारलं की निदान पोट तरी तुमचंच होतं ना. गुरुवारी येणार नाही म्हणतो. बिडी आमच्यासमोर बंद आहे, ‘लेक व्ह्यू’मागे चालू आहे.

दोनदा मला एकटीला गाठून विचारलं, यंत्राला कान असतात का. मी तीस वर्षं शाळेत काढली, चोरून पेरू खाल्लेल्या पोराचं तोंड ओळखते. तो काय बोलला ते मला सांग. मी कुणाला सांगणार नाही, आणि सांगितलंच तर त्याच्या भल्यासाठी. तुझा बापही हवापाण्याची चौकशी करावी तसं मला विचारून गेला, त्याचं काय निघालं म्हणून. विचारताना धरणाकडे बघत होता.

खरं सांगते, पोरी, मला भीती वाटते. तो फुगा दादाच्या हट्टासाठी थांबणार आहे का?

उत्तर कैलासच्याच हाती धाड. आशीर्वाद उरले आहेत तेवढे सगळे पाठवते.

आत्या

*

पुणे
१४ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. सांगणार नाही. तुला नाही आणि बाबांनाही नाही. त्यांचे तीन फोन आले, तिन्ही वेळा हेच ऐकून ठेवले. पेशंट बोलला ते डॉक्टरकडेच राहतं. गुरुवारी ते आले तरी राहील, नाही आले तरी राहील.

काकांना फक्त हे वाचून दाखव, एक शब्दही न बदलता: “काका, बैलानं ऐकलं. बैल बोलत नाही. पण बैलाला वाटतं, तुम्ही यावं.”

रागावलीस तरी हरकत नाही, गुरुवारी प्रत्यक्ष रागाव.

अमृता

*

पवनानगर
१७ नोव्हेंबर २०२५

चि. डाक्टर अमृता हिला,

थोरल्या काकाचा आशीर्वाद. बारा वर्सं साठलेला हाय, तवा एकदम घेऊ नको.

अनितानं तुझा निरोप वाचला. तिला काय बी कळलं न्हाई, मला कळलं. तू ऐकलंस त्ये खरं हाय. दगड मीच सरकवला. भीमा तापानं पडला व्हता तवा. तुझ्या बापाला कळलं असतं तर त्यानं चौकात फ्लेक्स लावला असता. तुझ्या हातात एवढं असून तू गप ऱ्हायलीस. मला वाटलं, ह्या घरातली एक तरी पोर सरळ निघाली, आन ती नेमकी त्याची.

काल सत्यमला पहार दिली. तू ओझं नको म्हणलीस, म्हणून मी नुसतं बोट दाखवलं. दगड चार फूट मागं, आज्यानं रोवलेल्या जागी नेला. संडास आता तुझ्या बापाच्या रानात गेला, तळ्यासकट. तंबूतली मंडळी हा कसला सण म्हणून फोटू काढत व्हती.

भीमा समदं बघत व्हता. मग आला, दगडापासनं अजून दोन पावलं आमच्या अंगाला मोजली, टाच रोवली आन म्हणला, “दादा, हितं व्हता.”

बारा वर्सांत पयला शब्द, आन तो बी खोटा. मी येवढा हसलो की कस्तुरा वरडली, शीर फुटंल म्हणून. सत्यमला म्हणलं, ठेव तितं.

गुरुवारी येतो. भीमा बी येतोय, जीपमधली पुढची जागा त्यानं आत्ताच धरून ठेवलीय. सर्जनला म्हणावं, काम पक्कं कर. मला बरं हून माघारी यायचंच हाय, ती दोन पावलं मी सोडणार न्हाई. ह्ये मातर बापाला सांगू नको. पेशंटचं डाक्टरकडंच ऱ्हातं.

लोभ हाय. किती, त्ये मोजू नको. आपल्या घरात मोजणी लय झाली.

तुझा थोरला काका,
हनुमंत