डाव्या बाजूचा बंपर

मोहने,
सोमवार, ९ मार्च २०२६

प्रिय ताई,

परश्याचा नमस्कार. भाऊजींचा गुडघा कसा आहे? मालिशवाला अजून येतो का, की त्यालाही भाऊजींनी शिव्या घालून पळवला? इकडे प्रेमचे बारावीचे दोन पेपर राहिलेत. निशिगंधाने तुझ्यासाठी सांडगे बाजूला काढलेत, कोरेगावला कोणी येणारं-जाणारं भेटलं की पाठवेल. आईची कॉट अजून तशीच आहे, चादरसुद्धा आम्ही काढलेली नाही.

तू म्हणशील, रोज फोन असताना परश्याला पत्राची अवदसा कुठून आठवली. फोनवर तू बोलतेस आणि मी हं हं करतो. परवा तू म्हणालीस, ‘त्याचा दुसरा डोळाही काढायला हवा होता,’ तेव्हाही मी हं म्हटलं. म्हणून लिहायला बसलोय. तुला ठाऊक असलेलंही पुन्हा ओळीने लिहितो, कारण हे पत्र पुढेमागे दुसऱ्या कोणाला वाचावं लागलं तर त्याला सगळं समजलं पाहिजे.

सुरुवात गाडीपासून करतो. सोनार्कची बुलबुल घेतली तेव्हा तूच म्हणाली होतीस, ‘एवढे पैसे घालून पत्र्याचा डबा आणलास?’ ठाण्याच्या कॉलेजात मी एकवीस वर्षं इलेक्ट्रिशियन आहे, तिथले शिपाईसुद्धा विचारायचे, परशुराम, दार जोरात लावलं तर काच पडते का रे? मी आपला खोटं हसायचो. पण त्या डब्याने दोन वर्षांत सगळ्यांची तोंडं बंद केली. लिटरला चोवीस देते. माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास एसी लावून उभी राहिली तरी तापत नाही. आमच्या गल्लीत रिक्षावाला शिरायला कुरकुरतो, तिथे ही आरामात वळते. आता तीन-तीन महिने नंबर लावून थांबावं लागतं. पांढरी त्यातल्या त्यात लवकर मिळते, म्हणून सगळे पांढरीच घेतात. आंबिवली स्टेशनबाहेर उभं राहिलं तर दहा मिनिटांत चार बुलबुल जातात, आणि आपली कुठली ते नंबर बघूनच कळतं.

मग आमचा ग्रुप झाला, ‘बुलबुल परिवार, कल्याण-डोंबिवली’. साडेचारशे माणसं. रस्त्यात एकमेकांना दिसलो की दोन छोटे हॉर्न द्यायचे, आणि मागून तसा हॉर्न ऐकू आला की गाडी बाजूला घेऊन थांबायचं, समोरच्याला काही मदत लागत असेल म्हणून. ही आमची पद्धत. शहाडच्या पुलावर माझी बॅटरी उतरली होती तेव्हा तीन अनोळखी माणसांनी ऑफिस बुडवून माझी गाडी ढकलली. असे लोक आहेत ते, किंवा होते.

गाडीत खोट एकच. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर आदळून आदळून पुढच्या बंपरची डावी क्लिप तुटते आणि बंपर लोंबायला लागतो. सर्व्हिस सेंटरवाले सरळ नवा बंपर घाला म्हणतात. मी दोन भोकं पाडून तो केबल टायने आवळायची युक्ती काढली, ग्रुपवर व्हिडिओ टाकला आणि एका दिवसात ‘परशुरामभाऊ’ झालो. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी टिटवाळा रोडच्या मैदानात आम्ही जमायचो, तिथे माझ्यासमोर गाड्यांची रांग लागायची. घरात तू मोठी, नोकरीत मी कोणाच्या खिजगणतीत नाही. तिथे माणसं माझ्यासाठी चहा धरून उभी राहायची. मला ते फार आवडायचं, ताई.

बुधवारी, अकरा फेब्रुवारीला, आई सकाळी आंबिवलीच्या बाजारातून मेथी घेऊन येत होती. पांढऱ्या बुलबुलने तिला उडवलं आणि गाडी थांबलीसुद्धा नाही. मी पोचलो तेव्हा तिचे दोन्ही पाय भलत्याच दिशेला वळलेले होते, आणि ती शुद्धीवर होती. ‘परश्या, माझी एक चप्पल कुठे गेली बघ,’ म्हणत होती. शनिवारी ती गेली. ते तुझ्या डोळ्यांदेखत झालं.

मधल्या गुरुवारी एका दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्र माझ्या हाती आलं. नंबर दिसत नव्हता. आईला उडवून पळणारी पांढरी बुलबुल, आणि धडकेने निखळून डावीकडे लोंबणारा बंपर. मी ते ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, ‘ही माझी आई आहे.’ ग्रुपचा ॲडमिन ऋतुराज, पंचविशीतला पोरगा, त्याने लगेच लिहिलं, ‘भाऊ, आपल्यातलाच असेल तर आपणच बघू. पोलीस काय उखाडणार.’ सगळ्यांना सांगितलं, डावीकडे ताजा बांधलेला बंपर दिसला की कळवा. संध्याकाळी साडेपाचला निरोप आला, शहाडहून मोहन्याकडे तशी एक गाडी येतेय.

डावीकडे बांधलेल्या गाड्या परिवारात शंभर तरी असतील, माझाच व्हिडिओ बघून बांधलेल्या. हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही, असं मी पोलिसांना सांगितलंय.

एकोणीस गाड्या निघाल्या, सगळ्यांत पुढे माझी. ती गाडी दिसली तेव्हा मी दोन छोटे हॉर्न दिले. त्या माणसाने आरशात बघितलं, हात वर केला आणि गाडी बाजूला घेतली. उतरताना तो हसत होता. त्याचं नाव सहदेव. शहाड स्टेशनजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

तुझ्याकडे जो व्हिडिओ आहे त्यात एवढंच दिसतं की तो जमिनीवर पडलाय, माणसं त्याला तुडवतायत आणि मी पाठमोरा आहे. तू तो स्टेटसला लावलास आणि वर लिहिलंस, ‘शाबास माझ्या वाघा.’ कोरेगावात सगळ्यांनी बघितला असेल.

दुपारचे दोन वाजलेत. जेवून पुन्हा बसलो. निशिगंधाने विचारलं, ‘एवढं काय लिहिताय ताईंना?’ मी म्हटलं, ‘असंच.’ तिलाही मी काही सांगितलेलं नाही. पुढचं वाचताना भाऊजींना शेजारी बसवून घे.

व्हिडिओच्या आधीचं ऐक. व्हील पाना मी निघतानाच पायाशी ठेवला होता. पहिला फटका माझा. तो त्याच्या खांद्यावर बसला, हाड मोडल्याचा आवाज आला, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, खूप बरं वाटलं. आईचे पाय डोळ्यांसमोर होते. मागून सगळे धावत आले. ‘धर रे त्याला!’ ‘म्हातारीला उडवून पळतो काय, हरामी!’ ‘भाऊ, सोडू नका!’ कोणीतरी त्याचे केस धरून त्याचं डोकं बॉनेटवर दोनदा आपटलं. पांढऱ्या पत्र्यावर रक्त पसरलं. कोणीतरी दगडाने हेडलाइट फोडले. सहदेव बॉनेटवरून घसरत माझ्याकडे आला आणि त्याने माझा शर्ट धरला.

‘परशुरामभाऊ, मी नाय हो,’ तो म्हणाला. ‘अहो, हा बंपर तुम्हीच बांधलाय ना रविवारी. तुमचे टाय संपलेले म्हणून वायर लावलीत. बघा ना, तीच आहे.’

मी बघितलं. अर्थिंगची हिरवी-पिवळी वायर, चार वेढे, टोक आत दुमडलेलं. साडेचारशे गाड्यांत अशी वायर मी एकाच गाडीला बांधली होती, आईला धडक बसली त्याच्या तीन दिवस आधी. वेढे जसेच्या तसे होते. बुधवारी जो बंपर निखळला तो हा नव्हता.

ताई, मला कळलं. त्या क्षणी, तिथेच, लख्ख कळलं. थांबा एवढा एक शब्द बोललो असतो तर सगळे थांबले असते, कारण ते माझ्यासाठीच आले होते. पण पस्तीस-चाळीस माणसं दगड घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होती आणि त्यांना सांगायचं काय? की तुमचा परशुरामभाऊ चुकला? सहदेव म्हणाला, ‘भाऊ, सांगा ना ह्यांना.’ ते दुसऱ्या कोणाला ऐकू जाईल म्हणून मी पाना त्याच्या तोंडावर मारला. रागाने नाही. त्याने गप्प व्हावं म्हणून. जबडा तिथेच तुटला. तो पडला तरी घशातून काहीतरी बोलतच होता, म्हणून मी पुन्हा मारला. तो उजव्या डोळ्यावर बसला. त्यानंतरचं तुझ्या व्हिडिओत आहे.

बाकीचे त्याला लाथा घालत होते तेव्हा मी बंपर उपटला, वायर तोडली आणि दोन्ही नाल्यात फेकलं. लोकांना वाटलं भाऊंचं डोकं फिरलंय. माझं डोकं आयुष्यात कधी इतकं शांत नव्हतं.

त्याच संध्याकाळी ऋतुराजने ग्रुप बंद केला. सगळ्यांनी एकच जबाब दिला, गर्दी होती, कोणी मारलं दिसलं नाही. आईला मारल्याचा गुन्हा सहदेववर लागलाय, माझ्या फिर्यादीवरून. मी लिहून दिलंय की गुरुवारी आम्ही त्याला धरला तेव्हा त्याचा बंपर नव्याने बांधलेला होता. बुधवारी सकाळी तो एकटाच भिवंडीला माल आणायला गेला होता, धडकेच्या वेळी त्याला वाटेत पाहिलेलं कोणी नाही. आता तो सरकारी दवाखान्यात आहे, दाराबाहेर पोलीस. उजवा डोळा गेला. जबडा तारांनी बांधून बंद केलाय, नळीतून पेज घालतात. लोक दवाखान्यात जाऊन त्याच्या बायकोला शिव्या देऊन येतात. त्यातल्या दोघांना तू शाबासकी दिलीस, मला माहीत आहे.

गेल्या शुक्रवारी ती बायको, मालन, आपल्या दारात आली. हातात वहीचा कागद. ‘भाऊ, ह्यांना बोलता येत नाय, पण ह्यांनी लिहून दिलंय,’ म्हणाली. ‘पोलीस बोलतात, असं सगळेच लिहितात. तुम्ही एकदा येऊन सांगाल का? तुमची आई गेली, तुमच्याकडे कुठल्या तोंडाने यायचं तेच कळत नव्हतं.’ कागदावर वाकड्या अक्षरात दोन ओळी होत्या. ‘बंपर रविवारी परशुरामभाऊंनी बांधला. त्यांना विचारा.’ कोणी मारलं ते त्याने लिहिलं नव्हतं. तिला ठाऊकच नाही, ती कोणाच्या दारात उभी आहे.

निशिगंधाने तिला पाणी दिलं. मी म्हटलं, ‘मी शंभर जणांचे बांधतो हो, मला नाही आठवत.’ ती बरं म्हणाली आणि कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवून गेली. ती गेल्यावर प्रेम म्हणाला, ‘पप्पा, ह्यांच्याच मिस्टरांनी माझा फोन फुकट दुरुस्त करून दिला होता ना?’ मी त्याच्या कानाखाली अशी वाजवली की पोरगा भिंतीवर जाऊन आदळला. दुसऱ्या दिवशी त्याचा पेपर होता. ताई, माझा हात आता आपोआप उठतो, आणि उठला की मला त्याचीच भीती वाटते.

मला सगळं आठवतंय. आठवायचीही गरज नाही, माझ्या फोनमध्ये आहे. टाय नसले तर वायर कशी बांधायची हे दाखवायला मी त्या रविवारी व्हिडिओ काढला होता, तो ग्रुपवर टाकायचा राहून गेला. त्यात सहदेवच्या गाडीचा नंबर स्पष्ट दिसतो, वायर दिसते, तारीख आहे. मागून त्याचा आवाज येतो, ‘भाऊ, चहा थंड होतोय.’ एवढ्याने तो लगेच सुटेल असं नाही, पण त्याच्याविरुद्ध माझ्या शब्दाशिवाय दुसरं काहीही नाही. पुढच्या पंधरवड्यात त्याच्या जबड्याच्या तारा काढतील. तो बोलायच्या आत मला बोलायचंय. नंतर बोललो तर ते फक्त पकडलं जाणं होईल.

उद्या सकाळी अकरा वाजता मी पोलीस ठाण्यात जाऊन फिर्याद खोटी असल्याचं सांगणार आहे, आणि पाना कोणाच्या हातात होता तेही. नोकरी जाईल. आत किती वर्षं काढावी लागतील ते माहीत नाही. निशिगंधाला सकाळी सांगेन. प्रेमला काय सांगायचं ते अजून सुचत नाही.

आणि ताई, आईला कोणी उडवलं ते मला माहीत नाही. कदाचित कधीच कळणार नाही. तुझा राग एका माणसावर बसला होता, तो माणूस मी तुझ्याकडून काढून घेतोय. तो राग माझ्यावर काढ, माझी तक्रार नाही.

पाकिटात एक मेमरी कार्ड आहे, साडीच्या घडीत वगैरे ठेवू नकोस, हरवेल. व्हिडिओची प्रत त्यात आहे. मी धीराचा माणूस नाही. शुक्रवारपासून चार वेळा तो व्हिडिओ पुसून टाकायला बोट लावलंय, आणि उद्या मी पोलीस ठाण्याच्या पायरीवरून मागे फिरणार नाही याची मलाच खात्री नाही. म्हणून आधी हे पत्र पेटीत टाकणार आहे. ते तुझ्या हाती पडेल त्या दिवशी मला फोन लाव. मी आत असलो तर फोन माझ्याजवळ नसेल. पण मी उचलला, तुझ्याशी नेहमीसारखा हं हं करायला लागलो, तर समज की मी गेलोच नाही. मग मला एक शब्दही विचारू नकोस. मालनचा पत्ता पाकिटाच्या आत लिहिलाय. कार्ड घे आणि पहिल्या गाडीने निघ.

तुझाच,
परशुराम